पंख हलवल्यावर

१४ ऑगस्ट १९५८, तिक्सी

पोचले एकदाची सैबेरियाच्या उत्तर टोकाला. टपालाच्या पोत्यांवर बसून आले, त्यामुळे पाठीवर कोणाकोणाची पत्रं उमटली असतील देव जाणे. खोली बराकीच्या टोकाला आहे. स्टोव्ह नुसता धूर ओकतो, पण खिडकीतून धावपट्टी दिसते आणि तिच्यापलीकडे समुद्र, म्हणून माफ. शेजारीण प्रास्कोव्या भलतीच बोलघेवडी. गोठलेल्या माशाचे पातळ काप मीठमिरी लावून माझ्यापुढे ठेवले आणि मी खाईपर्यंत लग्न कधी झालं, नवरा काय करतो, सगळं काढून घेतलं.

नवरा, म्हणजे लाव्हर, मालवाहू जहाजावर आहे, याच समुद्रात. बाकीच्या बायका धक्क्यावरून रुमाल हलवतात आणि बर्फ धरेपर्यंत वाट बघत बसतात. मी बर्फ टेहळणीच्या विमानातून त्याच्या डोक्यावरून उडणार, तेही पगार घेऊन. एवढी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते.

१६ ऑगस्ट

पहिलं उड्डाण. कापितोन साव्विच थोरले निरीक्षक, ते उजव्या खिडकीशी; मी डाव्या. खिडकीची काच बाहेर फुगलेली आहे, तिच्यात डोकं घातलं की सरळ खालचा बर्फ दिसतो. पाण्याचा दहापैकी किती भाग बर्फाने झाकलाय, लाद्या केवढ्या, फटी केवढ्या, हे बघत लगोलग नकाशावर उतरवायचं. मापाला आपल्याच विमानाची सावली. ती बर्फावर जवळजवळ विमानाएवढीच पडते, तेव्हा फटीच्या रुंदीत तशा किती मावतील ते बघितलं की काम झालं. दिसलं नाही ते कोरं सोडायचं. मग नकाशा नळकांड्यात घालून, लाल फीत बांधून, जहाजाच्या डेकवर टाकायचा.

किनारा सोडताना वैमानिक रोदिओन गोर्देयेविच दोनदा पंख हलवतात. मला वाटलं, गावातल्या पोरांसाठी. मीही हात हलवला. कापितोन साव्विच मात्र खाली सावलीकडे बघत राहिले. तीही डुलली, तेव्हा म्हणाले, "आपली", आणि मगच पेन्सिल उचलली. ढगातून बाहेर आलो की पुन्हा तेच. म्हाताऱ्याचं सोवळं फार कडक आहे.

लाव्हर दिसला. मी विणलेला पिवळा मफलर गळ्यात, आणि टोपी अशी हलवत होता की पडायचाच समुद्रात. नळकांडं नेमकं त्याच्या पायाशी पडलं. दिवसभर कारण नसताना हसत होते.

२१ ऑगस्ट

वारा फिरला. बर्फ किनाऱ्याकडे सरकतोय आणि जहाजांचा काफिला मध्येच अडकलाय. लाव्हरच्या जहाजाचा पत्रा पातळ, जुनं धूड ते. बर्फ फोडणारं जहाज लांब आहे, यायला आठवडा तरी लागेल. तोवर आम्ही पाण्याची वाट शोधून दिली तर दिली.

जेवण जात नाही. खोलीत येरझाऱ्या घालते म्हणून प्रास्कोव्या भिंत ठोकते. रोदिओन गोर्देयेविच म्हणतात, खिडकीतून आणखी वाकलीस तर दोरी बांधावी लागेल, नाहीतर ती दोरी खाली सोडून नवऱ्यालाच वर ओढून घे एकदाचा. मी हसले. हसणं मेलं आतपर्यंत पोचत नाही.

२३ ऑगस्ट

आज माझ्या हातून चूक झाली. लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

ढगातून बाहेर आलो आणि माझ्या बाजूला फट दिसली, काळी, लांबलचक, थेट काफिल्याकडे जाणारी. कापितोन साव्विच मागे चहा ओतत होते. पंख अजून हलले नव्हते. सावली फटीला खेटूनच होती. एवढ्याशा रीतीसाठी ही जागा मागे टाकायची का, असं वाटलं. मीच म्हणून टाकलं, "आपली." आणि माप घेतलं.

मग पंख हलले. आम्ही डुललो. ती सावली डुलली नाही.

बरीच मागे दुसरी एक सावली होती. ती डुलली.

मी वर बघितलं, मागे बघितलं. आकाश स्वच्छ, आमच्याखेरीज एक पक्षी नाही. कापितोन साव्विच आले, खाली बघितलं, माझ्या नकाशावरची फट खोडली आणि तेवढा भाग कोरा ठेवायला सांगितला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२४ ऑगस्ट

आज त्यांना गाठलंच. आधी टाळत होते. मग म्हणाले, सहा वर्षांपूर्वी इथलंच एक विमान बर्फ बघायला गेलं, ऊन पडलेलं असताना, आणि आलं नाही. तेलाचा डागसुद्धा सापडला नाही. तेव्हापासून त्याची सावली कधीमधी सोबतीला असते. कुणाचं वाईट करत नाही. फक्त तिला आपली म्हणायचं नाही, म्हणून पंखांची रीत.

"त्यांनाही घरी यायचंय, पोरी," म्हणाले. "कुणीतरी आपलं म्हणावं, एवढ्यावरच अडलं होतं त्यांचं."

मी त्यांच्या तोंडावर हसले. मग कोठारामागे जाऊन हात हलवला आणि माझी सावली हलते का ते बघितलं.

२६ ऑगस्ट

उडालो. ती परकी सावली आता सोबतीला नसते. पुढे असते, आणि आम्ही तिच्या मागे.

उतरल्यावर प्रास्कोव्या रागावलेली. म्हणाली, दुपारी चहाला आलीस, कपभर प्यालीस, तोंडातून शब्द काढला नाहीस, एवढी कसली घमेंड? मी म्हटलं, मी आत्ता उतरतेय. तिने कप दाखवला. अजून कोमट होता. मी बसले होते म्हणे त्या खुर्चीखाली पाणी साचलेलं. खारट लागलं. का चाखलं कोण जाणे.

धावपट्टीवरचा मेकॅनिक विचारत होता, आज दोनदा कसे उतरलात.

२७ ऑगस्ट

बर्फ दहापैकी नऊ. लाव्हरच्या जहाजाचा पत्रा कुरकुरतोय असा रेडिओवर निरोप. कापितोन साव्विच म्हणतात, तू थांब, मी दोन्ही खिडक्या सांभाळतो. नाही म्हटलं. खोलीत तरी काय आहे? बिछाना ओला आहे. मी तिथे झोपलेच नाही.

भीती वाटते. स्पष्टच लिहिते. पण न उडून तो चिरडला तर—

२८ ऑगस्ट, विमानात

वाट सापडली. खरी. पश्चिमेला, रुंद. दोघांनी बघितली. नकाशा झाला, नळकांड्यात घातला.

पंख हलवले. आमच्याखालची सावली डुलली नाही.

पुन्हा हलवले. लांब, काफिल्याजवळ, एक डुलली. कापितोन साव्विचांनी पेन्सिल खिशात ठेवली.

—

रेडिओवर काफिला. आभार मानतायत. नकाशा मिळाला म्हणे, पूर्वेला निघतोय.

नळकांडं माझ्या मांडीवर आहे. पूर्वेला पाणी नाही.

रोदिओन गोर्देयेविच ओरडतायत रेडिओत, पश्चिम, पश्चिम. तिकडून उत्तर येतं, पण आम्हाला नाही. दुसऱ्याच कुणाला. आणि त्या दुसऱ्याचा आवाज—तो रोदिओन गोर्देयेविचांचाच.

—

जहाजावरून गेलो. इतकं खाली की डोलकाठीला लागलो असतो. पिवळा मफलर दिसला. टोपी हलवतोय, आमच्याकडे नाही. नळकांडं टाकलं. पडताना दिसलं. डेकवर पडलं नाही. कुठेच पडलं नाही.

डेकवर आमची सावली नव्हती. आता बर्फावरही नाही. ती दुसरी तिक्सीकडे वळली, घरी.

जहाज वळतंय. पूर्वेला.

—

पुन्हा एकदा जातोय त्याच्यावरून. पंख हलवतायत, सारखे हलवतायत. कापितोन साव्विच म्हणतात, खालून कुणीतरी आपलं म्हटलं तर—

लाव्हर, वर बघ. मी आहे. वर बघ रे. एकदाच म्हण, आप