कॅनवरची निरगाठ

नाना, तुम्ही मला चारचौघांत बोललात ते चुकीचं बोललात, आणि माणूस मेला म्हणून त्याचं बोलणं बरोबर होत नाही. पंचवीस वर्षं मी गप्प राहिले. आता तुम्ही ऐका. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर वाकडं येईल, पण मुद्दा सरळ आहे.

कळवणच्या पुढं त्या मळ्यात बांधावरच्या बाभळी पाडायच्या होत्या. झाडं कापायची मशीन तेव्हा आपल्याकडंच. तुमचा नियम होता, पेट्रोलात तेल मिसळलं की कॅनच्या मुठीला लाल चिंधी बांधायची. चिंधी नसली तर ते कोरं पेट्रोल. कोरं घातलं की आतला पिस्टन कोरडा घासतो, तापतो, चिकटून बसतो. लिटरला चाळीस मिली, आधी तेल, मग थोडं पेट्रोल, हलवायचं, मग बाकीचं. हे तुम्हीच शिकवलंत, औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजून. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या लेकीला तुम्ही चुलीपाशी नाही, मशीनपाशी बसवलंत, हे मी विसरलेली नाही. पण त्या दिवसाचं वेगळं.

चिंधीचा कॅन बघून मी टाकी भरली. तिसरी बाभूळ निम्मी कापली आणि मशीन किंचाळून बंद पडली. तुम्ही दोरी ओढताय, ती हलत नाही. कॅनमधलं पेट्रोल बोटांवर घेऊन चोळताय, चिकटपणा नाही. मळेवाला उभा, मजूर उभे. तुम्ही म्हणता, "बाईच्या हाताला माप नसतं." मळेवाला हसला. मी मात्र मुठीकडं बघत होते. मी सोडगाठ मारायची, टोक ओढलं की सुटली, तेलकट हातांनी कोण झटापट करणार? मुठीवर निरगाठ होती, दाव्याला मारतात तशी, दोनदा आवळलेली. तुमची. चिंधी आधी बांधलीत आणि तेल घालायचं राहिलं.

संध्याकाळी ती गाठ तुम्ही दातांनी सोडलीत, मी ओट्यावरून पाहिलं. आठ दिवसांनी नाशिकहून रेघा मारलेलं मापाचं भांडं आणलंत आणि माझ्या पुढ्यात ठेवून निघून गेलात. मी तो टोमणा समजले. वर्षभर त्याला हात लावला नाही.

आता दुकान माझं आहे, मशीन तीन आहेत, आणि कामाला सून आहे. हाताची चलाख आहे, मीच शिकवलीय. गेल्या आठवड्यात इंदिरानगरच्या एका सोसायटीत गुलमोहराच्या फांद्या उतरवत होतो. तेच किंचाळणं. बोटं चोळली, कोरं पेट्रोल. बायका गॅलऱ्यांतून बघतायत, आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य गेलं, जसंच्या तसं. सून मला एवढंच म्हणाली, "आत्या, तुम्ही तरी." मशीनला कव्हर घातलं, हात पुसले आणि बस धरून माहेरी देवळ्याला गेली. मुलगा रोज म्हणतो, फोन कर. मी म्हणते, माप शिकून ये म्हणावं तिला.

काल कॅन धुवायला काढला. मुठीवर निरगाठ. सून सोडगाठ मारते. माझी बोटं हल्ली आखडतात, सोडगाठ ढिली बसते, म्हणून मी कधीपासून तुमच्यासारखी आवळायला लागले ते मलाच कळलं नाही. चिंधी मी बांधली होती. तेवढ्यात कोणीतरी गिऱ्हाईक आलं, आणि तेल राहिलं.

तर मला सांगा, ते भांडं म्हणजे माफी होती का? असेल तर तोंडानं म्हणायला काय झालं होतं? मला ते कळायला पंचवीस वर्षं लागली, या पोरीला तेवढा दम नाही. भांडं पिशवीत घातलंय, रविवारी देवळ्याला निघते. या कागदाला पत्ता नाही, हा पान्यांच्या डब्यात राहील. कॅनवरची गाठ अजून सोडलेली नाही. खरं सांगू, तुमच्यासारखंच मलाही भांडं ठेवून परत यावंसं वाटतंय. "चुकले" हा शब्द कोणापुढं कसा काढायचा, ते तुम्ही शिकवलं नाहीत. शनिवारच्या आत सांगा.