उत्तम शिकवतो म्हणून शिकवणं बंद

धारवाड,
गुरुवार, दुपार (म्हणजे इतर लोक कामावर असतात ती वेळ)

तीर्थरूप श्रीकांतअण्णांना,

जयतीर्थाचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण माझी कंबर हल्ली पत्रातसुद्धा वाकायला तयार नाही. तुमचा गुडघा कसा आहे? देशपांडे नगरच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलंय की बसायला, ते एकदा नक्की कळवा. गेल्या खेपेला तुम्ही एक म्हणालात आणि वहिनी दुसरं. कमलवहिनींना नमस्कार. त्यांनी दिलेलं मेतकूट संपलं (ही मागणी नव्हे, नुसती माहिती). विद्यानगरच्या तुमच्या क्लासला यंदाही मुलांची रीघ असेलच. आता धारवाड-हुबळीएवढ्या अंतरात पत्र कसलं लिहितोस, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही दर वाक्याला "बरं, मग?" म्हणता आणि मी मुद्द्यावर यायच्या आत दमतो. शिवाय मला सध्या वेळ आहे. वेळच आहे.

तर बातमी अशी, की मला पुरस्कार मिळाला. अभिनंदन करायची घाई करू नका, पुढं वाचा. आमच्या विद्यापीठात (नाव लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही) दरवर्षी उत्कृष्ट अध्यापक पुरस्कार देतात, आणि तो कुणाला द्यायचा यावरून आजवर कधी भांडण झालेलं नाही, कारण तो त्या वर्षी रिटायर होणाऱ्यालाच देतात. ज्याचं शिकवून संपलं, त्याला उत्कृष्ट म्हणायला कुणाचं काय जातं? यंदा पंचाईत अशी झाली की रिटायर व्हायला कुणी नव्हतंच. मग गुणवत्ता कक्षानं नाइलाजानं मुलांना विचारलं. मुलांना कुणी काही विचारायची सवय नाही, त्यामुळं त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. अशा रीतीनं रिटायर व्हायला सात वर्षं बाकी असताना मी उत्कृष्ट ठरलो.

इथवर ठीक होतं. पण यंदापासून या पुरस्काराला एक अंतर्गत अनुदान जोडलंय. विजेत्यानं आपल्या अध्यापनपद्धतीवर वर्षभर संशोधन करून अहवाल द्यायचा, आणि त्यासाठी सवड मिळावी म्हणून त्याला वर्षभर अध्यापनातून मोकळं करायचं. हे वाक्य परत वाचा, मीही परत वाचलं होतं. मी चांगलं शिकवतो म्हणून माझे सगळे तास काढून घेतले! खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. जन्मभर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवायचं, दर जूनमध्ये तेच न्यूटनचे नियम, तीच जांभया देणारी मागची बाकं, परीक्षेत तीच उत्तरं (एकानं गुरुत्वाकर्षणाचं एकक 'पुष्कळ' असं लिहिलं होतं). माणसानं विश्रांती घेऊ नये तर काय करावं?

सत्काराला शाल, फळांची परडी, डोक्यावर म्हैसुरी पेटा, सगळं यथासांग झालं. पेटा एका मापाचा असतो आणि माझं डोकं दुसऱ्या मापाचं, त्यामुळं फोटोत मला फक्त हनुवटी आहे. कुलसचिवांनी भाषण मागच्याच वर्षीचं आणलं होतं. "सर शिस्तप्रिय होते, सर विद्यार्थिप्रिय होते," असं ते मायेनं सांगत राहिले, आणि मी समोर बसून माझ्याबद्दलचं 'होते' ऐकत राहिलो. सभागृहातल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. गावभर बातमी झाली. हा पुरस्कार रिटायर होणाऱ्यालाच मिळतो हे धारवाडात सगळ्यांना माहीत, आणि माझं वय तेवढं नाही हेही सगळ्यांना माहीत, तेव्हा लोकांनी सरळ हिशेब मांडला की मला काहीतरी मोठं दुखणं असणार. किराणावाला "आराम अदीरेन्री, सर?" (बरे आहात ना, एवढंच) असं इतक्या हळू आवाजात विचारतो की मलाच आराम नाही असं वाटायला लागतं. शेजारचे बाळाचार्य मंत्रालयाच्या स्वामींच्या मठातली मृत्तिका (दुखण्यावर लावतात ती) घेऊन आले आणि माझा हात धरून बसले. आमच्या स्वयंपाकाच्या सखूबाईंनी आपण होऊन भाजीतलं तिखट बंद केलं. मला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, तर त्या आमच्या सौभाग्यवतीकडं, म्हणजे उत्तराकडं, बघून मान हलवतात आणि म्हणतात, "सर लई धीराचे हो."

संशोधनासाठी मला स्वतंत्र खोली दिलीय. जनरेटरच्या मागं. पूर्वी तिथं प्रयोगशाळेतली मोडकी स्टुलं ठेवत असत, त्यातली निम्मी अजून आहेत, मी त्यांच्यात बसतो. अहवालात 'पद्धतीचा विद्यार्थ्यांवर झालेला परिणाम' असं एक प्रकरण सक्तीचं आहे. मी विभागप्रमुख भाग्यलक्ष्मी मॅडमना विचारलं, की मी शिकवतच नाही, तर परिणाम कुणावर आणि कसा मोजू? त्या मनानं चांगल्या आहेत. म्हणाल्या, "सर, ही अडचण अहवालात नमूद करा, छान दिसेल." तेव्हापासून मी अडचण नमूद करतोय. घरी त्याचा ताप उत्तराला. परवा इडली का फुगते यावर मी बोलायला लागलो आणि वाफेच्या दाबावरून थेट आगगाडीपर्यंत गेलो. ती शेवटी म्हणाली, "अहो, आधी खाऊन सोडा की, गार होऊन चाललीय." वर्गात निदान डबा उघडा नसतो.

मागच्या आठवड्यात मला एक युक्ती सुचली, आणि अण्णा, ती अंगाशी आली. अनुदानाच्या नियमांत 'वर्गनिरीक्षण' असा शब्द आहे. निरीक्षणाला शिकवावं लागत नाही, नुसतं बसावं लागतं. म्हणून मी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. माझे तास सध्या अभिषेक घेतो. कंत्राटावर आहे, हुशार आहे, फक्त आवाज पहिल्या बाकाच्या पुढं येत नाही. त्यानं वेग आणि प्रवेग यांतला फरक विचारला. कुणी बोलेना. पंखा तेवढा फिरतोय. प्रश्न असा हवेत लोंबकळत राहिलेला मला कधीच सहन झालेला नाही. मी हात वर केला. (हसू नका.) तो गोंधळून "येस, सर" म्हणाला, मी उत्तर द्यायला उठलो, आकृतीशिवाय कळणार नाही म्हणून फळ्यापाशी गेलो, आणि त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम घंटा झाल्याचं. माझ्या शर्टभर खडू, मुलं टाळ्या वाजवतायत, आणि अभिषेक डस्टर हातात धरून कोपऱ्यात उभा.

संध्याकाळी तो घरी आला. पेढे घेऊन आला, त्यावरूनच मी काय ते ओळखलं. चहा झाला. मग म्हणाला, "सर, माझं कंत्राट मार्चमध्ये वाढायचंय. तुम्ही बसलात की पोरं तुमच्याकडंच बघत बसतात. एवढं वर्ष तेवढं येऊ नका की, सर." आणि जाताना पाया पडला. त्याचं चुकलं असतं तर मला रागावता आलं असतं. त्याचं काही चुकलं नाही, म्हणून तेव्हापासून वर्गाच्या बाजूचा जिनासुद्धा मी चढत नाही, ग्रंथालयाला वळसा घालून जातो. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाचा कच्चा तक्ता लागलाय. त्यात अभिषेकचं नाव आहे, माझं नाही. चुकून राहिलं असेल म्हणून मी मॅडमना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "राहू दे हो, सर, आता सवय झालीच असेल." बाकी सगळं ठीक आहे. भरपूर विश्रांती मिळते, दुपारची झोप होते, वजन वाढलंय.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की गुरुप्रसादच्या घरच्या मुंजीला सगळे नातेवाईक जमतील, तेव्हा मी आजारी नाही हे तुमच्या तोंडून सर्वांना सांगावं. तुमचा आवाज मोठा आहे.

आपला,
जयतीर्थ

ता. क. सत्काराची शाल वहिनींसाठी ठेवलीय. जरा टोचते, पण उत्कृष्ट आहे.

पुन्हा ता. क. विश्रांतीबद्दल वर लिहिलंय ते सगळं खोटं समजा. मला करमत नाही, अण्णा. शिकवण्याचा कंटाळा आला असं मी जन्मभर सगळ्यांना सांगत आलो, आणि ते शिकवत होतो तोवरच खरं होतं. तुमच्याकडं बारावीला फिजिक्समध्ये राहिलेल्या पोरांची दुपारची एक तुकडी आहे, तिच्यापुढं कुणी मास्तर टिकत नाही, असं वहिनी म्हणत होत्या. ती मला द्या. पैसे नकोत (नियमात बसत नाहीत, बसले असते तरी नको होते). पाटीवर नाव नको. पोरं उशिरा येणारी असोत, झोपणारी असोत, मोबाइल बघणारी असोत, मला चालतील. पुढच्या वर्षी आमच्याकडं माझे तास परत मिळतील न मिळतील, पण तोवर माझा आवाज बसला तर मी कुठं जाऊ?

शेवटचं ता. क. पत्र पेटीत टाकायला म्हणून निघालो, तर समोर हुबळीची बस उभी. आता तुमच्या क्लासच्या खालच्या पायरीवर बसून हे लिहितोय. पत्र तुमच्या ऑफिसातल्या हेमावतीबाईंच्या हाती वर पाठवतो. तीच तुकडी इथं जिन्यावर मास्तरांची वाट बघत बसलीय. तुम्ही सावकाश वाचा, घाईनं खाली येऊ नका. उष्णता आणि तापमान यांतला फरक यांना आजवर कुणी नीट सांगितलाच नव्हता, आणि आता कुठं वरच्या पायरीवरची दोन पोरं मोबाइल खिशात घालून माझ्याकडं बघायला लागलीयत.