तळाचा संघ

ओंगार, डब्लिन

चि. श्रीपाद,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

मी मजेत आहे. गुडघा थोडा कुरकुरतो, इतकंच. इथे घरात फुटबॉलचं वेड: जावई लिव्हरपूलचे, केतकी मँचेस्टर युनायटेडची. मी मात्र इंग्लंडच्या लीगमधला तळाचा संघ धरला आहे. "आई, ते खालच्या लीगमध्ये जाणार. संघ बदला," असं जावई चिडवतात. मी सांगितलं, मे महिन्यात हंगाम संपेपर्यंत सोडणार नाही.

तुझी पूर्णिमा फोनवर म्हणाली, पडल्यापासून तू चालायचंच सोडलंस. जेवतोस तरी ना नीट? कॉन्व्हेंटच्या मैदानावर आम्ही हॉकीत गोलामागून गोल खात होतो, तेव्हा कुंपणाबाहेरून शेवटपर्यंत माझ्या नावाने ओरडणारा तूच होतास ना?

उद्या काठी घे आणि अंगणात एक फेरी मार. मी इथून ओरडते आहे.

तुझी,
ताई