घोटा आखडलेला, टेप बांधली

११ फेब्रुवारी

डावा पाय. घोटा नव्हे – पावलाच्या वरच्या बाजूला, बुटाची नाडी आवळते तिथे. टेप बांधता बांधता माझा अंगठा सहज तिथे दाबला गेला आणि टेव्हनने पाय झटकन मागे घेतला. मग हसला. टेव्हन ग्रिग्ज दुखण्यावर नेहमी हसतो.

परत दाबलं. या वेळी हसला नाही.

"लोर्नाबाई, हाड आहे का?"

"घोटा आहे. आखडलाय," मी म्हणाले. "कोळशाचं पोतं टाकावं तसा उतरतोस उडी मारून, घोटा बिचारा काय करील?"

तेहतीस वर्षं या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात पोरांचे पाय बांधतेय. ती जागा मला चांगली ठाऊक आहे. तिथे दाबल्यावर पोर कळवळलं, की बहुतेक वेळा आतल्या छोट्या हाडाला बारीक चीर गेलेली असते. साध्या एक्स-रेत दिसतही नाही. मोठी तपासणी लागते, मग दोन महिने कुबड्या. आणि तसंच खेळत राहिलं तर एक दिवस ते हाड दुभंगतं. हे सगळं माहीत असून मी घोटा म्हणाले. इथे लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही.

१२ फेब्रुवारी

हॅस्केल कोचना हाडाचं सांगितलं, तपासणी करू म्हणाले. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"आत्ता? अजून सात सामने आहेत, लोर्ना. वरच्या संघांची माणसं दर शनिवारी त्या पोराला बघायला येऊन बसतायत. तपासणी केली की फाइलला लागली, आणि फाइलला लागली की कायमची. झाकली मूठ राहू दे. मोसम संपला की बघू."

हो म्हणाले. सगळं त्यांच्यावर ढकलता येईल, पण खरं सांगायचं तर त्यांनी नाहीच म्हणावं असं मला वाटत होतं. तेहतीस वर्षांत माझ्या हातचं एकही पोर वरच्या खेळात पोचलेलं नाही. कुणी मास्तर झाला, कुणी खाणीत गेला, कुणी इथेच दारू पीत बसला. हा एकच आहे. पोटासाठी खेळणाऱ्यांच्यात जाऊन उभा राहील असा एकच.

१३ फेब्रुवारी

फाइलमध्ये लिहिलं: डावा घोटा आखडलेला, टेप बांधली.

१४ फेब्रुवारी

तेच.

२२ फेब्रुवारी

जाड फेल्टची चकती कापली, मधे भोक ठेवलं. दुखऱ्या जागेभोवती ती बरोब्बर बसते, वरून टेप. बुटाचा दाब मग आजूबाजूला जातो, जागेवर येत नाही. काल चार चकत्या फुकट घालवल्या, पाचवी जमली.

टेव्हनने चौतीस गुण केले. "बाई, पाय आहे की नाही तेच कळत नाही!" म्हणाला. हात चांगला आहे माझा, या डोंगरातलं सगळं गाव सांगेल. पण चांगल्या हाताने काय चाललंय ते मला दिसतंय. दुखणं आहे तिथेच आहे, फक्त त्याचं तोंड बांधलंय.

सामन्यानंतर रोबर्टा आली. टेव्हनची आई. प्राथमिक शाळेत मुलांना जेवण वाढते, सुट्टी मिळत नाही, तरी दोन तास गाडी हाकत येते. सुक्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन आली होती, सात थर. "हा तुमच्या हातांसाठी," म्हणाली. "माझं पोर तुमच्या हातांवर उभं आहे."

केक अजून डब्यातच आहे. सुरीही लावली नाही.

९ मार्च

जिंकलो. गटाचं अजिंक्यपद, अठ्ठावीस वर्षांनी. शिडी आणली, रिवाजाप्रमाणे एकेकाने वर चढून बास्केटच्या जाळीचा एकेक फास कापला. टेव्हनने दोन कापले. खाली उतरला – उजव्या पायावर जोर देऊन, हे फक्त मलाच दिसलं – आणि एक फास माझ्या मुठीत कोंबला. "अर्धा पाय तुमचा आहे," म्हणाला.

फास इथे टेपने चिकटवला आहे.

२४ मार्च

हरलो. मोसम संपला.

३० मार्च

टेव्हन कॉलेजचं चौथं वर्ष करणार नाही. ड्राफ्टला, म्हणजे वरच्या संघांच्या वार्षिक निवडीला, नाव देणार. गावात लोक त्याच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव द्यायचं म्हणतायत.

कोचना आठवण करून दिली. मोसम संपला की बघू म्हणाला होतात. "आता?" म्हणाले. "आता तर मुळीच नाही. जूनपर्यंत विश्रांती मिळतेय ना त्याला? हाड आपोआप भरेल."

भरतं कधी कधी. ही आशा मी घट्ट धरून बसले. म्हणजे किती बेअक्कल असावं माणसाने!

३ जून

भरलेलं नाही. आज दाबून पाहिलं.

उद्यापासून तो शहराशहरांत वरच्या संघांना खेळ दाखवायला जाणार. तिथे टेप बांधायला परकी माणसं. म्हणून त्याला स्वतःचा पाय स्वतः बांधायला शिकवला – आधी चकती, मग टेप, वर मोजा, आणि हे सगळं हॉटेलातच उरकून जायचं. तिसऱ्या खेपेला जमलं त्याला. हुशार आहे.

"बाई, घोटाच आहे ना? त्यांचा कागद भरायचाय. लपवलेलं दुखणं आहे का, असं विचारलंय त्यात."

"आखडलेल्या घोट्याचं काय सांगायचं?"

"नक्की ना?"

"तेहतीस वर्षं झाली मला," मी म्हणाले.

त्याने नाही असं लिहून खाली सही केली. माझ्या टेबलावर, माझ्या पेनाने.

११ जून

वरच्या संघांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. स्वच्छ. मग फाइल मागवली. मोसमभर रोज एकच वाक्य, माझ्या अक्षरात. कुणाला काही शंका आली नाही.

२६ जून

सगळं गाव चर्चच्या सभागृहात, टीव्हीसमोर. संघ पाळीपाळीने एकेक पोर निवडतात. चौदाव्या पाळीला टेव्हनचं नाव आलं. टीव्हीत तो उभा राहिला, नव्या संघाची टोपी घातली. टोपी जरा तिरकीच बसली होती. इथे रोबर्टा खालीच बसली. आधी मला वाटलं कोसळली, पण ती माझे हात धरून त्यांचे मुके घेत होती. सगळ्यांसमोर. लोक टाळ्या वाजवत होते.

बाहेर जाऊन गाड्यांच्या मागे उभी राहिले. उन्हाचा त्रास, असं सांगितलं.

१८ जुलै

त्याच्या संघाच्या डॉक्टरांना फोन लावला. उचलल्यावर ठेवून दिला.

९ ऑक्टोबर

हाड दुभंगलं.

सरावाचा दुसराच दिवस. कुणाचा धक्का नाही, काही नाही. उडी मारून उतरला आणि तिथेच बसला. आवाज भिंतीपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

१३ ऑक्टोबर

त्यांच्या डॉक्टरांचा फोन. अगदी शांत बोलत होते, तेच सहन होईना. "ही चीर जुनी आहे, बाई. निदान सात-आठ महिन्यांची. तुमच्या फाइलमध्ये फक्त घोटा आहे."

मी ही वही खणात सरकवली.

"टेव्हनने लिहून दिलंय की त्याला हिवाळ्यापासून माहीत होतं आणि त्याने तुमच्यापासूनही लपवलं. चकतीची युक्तीही त्याचीच. कागदावर खोटी सही केली म्हणून संघ करार रद्द करणार. आणि असा पाय, वर असं नाव – दुसरा संघ उभा करणार नाही. वीस तारखेला निर्णय आहे. तुमच्याकडे वेगळी काही नोंद असेल तर तारखेनिशी पाठवा. नुसत्या बोलण्यावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही."

"फाइल आहे तीच," मी म्हणाले.

१५ ऑक्टोबर

टेव्हनने असं का लिहून दिलं ते कळलं. कोचनीच त्याला फोन केला होता. लोर्नाची नोकरी जाईल, तुरुंगही होईल, आपलं अजिंक्यपद काढून घेतील, तुझ्या दोस्तांच्या हातातली जाळीसुद्धा परत मागतील – असं सगळं त्याच्या डोक्यात भरवलं. दवाखान्याच्या खाटेवर पडलेल्या पोराच्या!

"शहाणा मुलगा आहे," कोच मला म्हणाले. "त्याने आपण होऊन अंगावर घेतलंय, आता तू हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

टेव्हनचा मला फोन आलेला नाही. माझं खोटं आता त्यालाही कळलंय. कळूनही त्याने ते स्वतःच्या नावावर करून घेतलं.

१८ ऑक्टोबर

रोबर्टा आली होती, घरी. केक नव्हता. माझा एक जुना डबा तिच्याकडे राहिला होता, तो धुऊन पुसून परत आणला होता. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"एकच विचारते. तुम्हाला माहीत होतं का?"

तिच्या हातावर शाळेच्या स्वयंपाकघरातला चटका होता, ताजा. मी त्याच्याकडेच बघत राहिले.

"नाही," म्हणाले.

तिने डबा टेबलावर ठेवला. "मग माझ्याच पोराने आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय. मी त्याला फोनवर नको नको ते बोलले, लोर्नाबाई. लबाड म्हणाले. तो नुसता ऐकत होता, एका शब्दाने उलटून बोलला नाही."

दारात वळून म्हणाली, "तुमच्यावर शंका घेतली, माफ करा."

माफी मागून गेली माझी.

१९ ऑक्टोबर

सकाळचं टपाल दहाला निघतं. उद्या पोचेल.

डॉक्टर, तारखेनिशी नोंद मागितली होतीत. ही वही आहे. आधी ११ फेब्रुवारी वाचा, मग ३ जून. बाकीचंही वाचलंत तर माझी हरकत नाही. ९ मार्चला जाळीचा फास चिकटवलाय, तो काढून टेव्हनला द्या. आणि १८ ऑक्टोबरचं पान त्याच्या आईला दाखवा.

त्याने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मीच खोटं सांगितलं.