मुंग्या कुठवर आल्या

मंगळवार, दिवेलागण

आज पुन्हा माझ्या पोराच्या, बाळूच्या हातावर टिचकी मारून पाहिली. गेल्या हंगामात ऊस तोडताना त्याच्या डाव्या मनगटावर कोयता बसला आणि नस तुटली. बीडला नसांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाबा, जोडलेली नस मनगटाकडून बोटांकडे सावकाश वाढते. टिचकी मारा. मुंग्या येतील तिथवर ती पोचली समजा."

मुंग्या तळहातावरच अडल्यात. पुढे सरकल्याच नाहीत तर? परवा पोराची बोटं तापल्या तव्याला टेकली. सून ओरडली तेव्हा त्याला कळलं.

उद्या मुकादम दोघांना ऊसतोडीला न्यायला येणार. दुष्काळात गावात काम नाही, आणि कारखान्याला नवरा-बायकोची जोडीच लागते. पण ऊस डाव्या हातानेच धरायचा, आणि कोयता पडतो तो त्याच्या शेजारीच.

मघाशी त्याला डोळे मिटायला लावले. करंगळीपाशी बोट नेलं. "आल्या का मुंग्या?"

"आल्या की, आबा. लई आल्या. तुमी उगं भेता."

सून हसली आणि गाठोडं बांधायला उठली. तिला कसं सांगू? मी टिचकी मारलीच नव्हती.