सौनातल्या तलंगा

टॉइव्होला,
रविवार, १२ मे १९७४

ती. आईंना,
लोर्नाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. खुब्याचं हाड जुळत आलं आणि काठी टेकत तुम्ही व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आलात हे वाचून फार बरं वाटलं. डॉक्टर म्हणतात तसं सप्टेंबरात घरी यायचं ठरवून टाकू. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आपला ट्रक गॅरेजात पडून आहे आणि इश्पेमिंग काही हाकेच्या अंतरावर नाही, तेव्हा तोवर पत्रांवरच भागवायचं.

ज्या घरात कोंबड्या नाहीत त्या घरी तुम्ही पाऊल ठेवायच्या नाहीत, ही तुमची अट मला पाठ आहे. तर आणल्या. काल शेजारच्या एल्सीच्या गाडीतून आठ तलंगा घेऊन आले. लालसर आहेत. अंड्यांना अजून अवकाश आहे, पण तोरा आत्तापासूनच पोक्त बायांचा. सध्या स्वयंपाकघरात मोठ्या खोक्यात ठेवल्या आहेत आणि घरभर त्यांचाच वास आहे.

मार्चमध्ये बोटीवर जाण्याआधी वायनो म्हणाला होता की जुनं खुराडं दोन दिवसांत नीट करून जातो. त्याने एक फळी उचकटली, तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि बोटीवर निघून गेला. आता तुमचा मुलगा खनिजाच्या ढिगावर बसून लेक सुपिरियरच्या मधोमध फिरतो आहे आणि खुराडं माझ्या वाट्याला आलं आहे. दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी उपसून हात असे होतात की संध्याकाळी काटा-चमचाही धरवत नाही. शिवाय आम्ही पडलो खाणकामगारांची माणसं. आमच्या घरी कोंबडी फक्त ताटात पाहिलेली. तेव्हा काय, कसं करायचं ते सविस्तर लिहा.

तब्येतीला जपा. सुनेवर लोभ असतोच असं नाही, पण असला तर या वर्षी थोडा जास्त असू द्यावा.

तुमची
लोर्ना


इश्पेमिंग,
१७ मे १९७४

चि. लोर्ना हिस,
सायमाचे अ. उ. आ.

वायनोने फळीकडे बघितलं यात मला नवल वाटलं नाही. त्याचे वडीलही आधी बघत बसायचे. फरक इतकाच की ऑस्कर नंतर उठायचे.

आता नीट वाच. दुकानात जिला कोंबड्यांची जाळी म्हणतात ती मोठ्या भोकांची जाळी आणू नकोस. ती कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्यांना बाहेर ठेवत नाही. रॅकून तिच्यातून हात घालून मान ओढतो. आणि तो लांबोडका वीझल तर अख्खाच आत येतो, त्याचं डोकं शिरलं की बाकीचा मागून येतोच. बारीक चौकोनांची, जाड तारेची जाळी घे आणि ती सगळीकडे लाव, वरच्या खिडकीलासुद्धा. बाहेरच्या अंगाला ती जमिनीवर हातभर पसर आणि वर दगड ठेव, म्हणजे उकरणारा उकरून उकरून कंटाळेल. दाराला नुसती कडी पुरायची नाही. कडी काढायला रॅकूनला वायनोपेक्षा कमी वेळ लागतो. कडीत स्प्रिंगचा आकडा अडकव.

आणखी एक. संध्याकाळ झाली तरी तलंगा आत जायच्या नाहीत, दारासमोर घोळका करून बसतील. त्यांच्यावर ओरडू नकोस. कोवळी कोंबडी अंधाऱ्या जागेत शिरत नाही. थोडे दिवस आत कंदील टांग. उजेड दिसला की आपणहून जातील, आणि जागा ओळखीची झाली की कंदीलही लागायचा नाही.

इथे शुश्रूषागृहात सगळे माझ्याशी चांगले वागतात. पण मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतात आणि नळीने धुतात, गाडी धुवावी तशी. हिवाळ्यापासून माझी हाडं तापलेली नाहीत. घरी आल्यावर पहिल्याच शनिवारी आवारातल्या आपल्या सौनाची चूल पेटवायची, वरच्या बाकावर बसायचं, तापल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि वाफ घ्यायची. त्या एका गोष्टीवर मी दिवस काढते आहे, हे तुला सांगून ठेवते.

फार दमू नकोस असं लिहिते आणि वर एवढी कामं सांगते. म्हातारीचा स्वभाव ओळखून माया ठेव.

तुझी सासू
सायमा


टॉइव्होला,
२३ जून १९७४

ती. आईंना,
लोर्नाचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मला रात्री जेवतानाच झोप येते, पत्र कुठलं लिहिणार.

खुराडं उभं राहिलं! जाळी कापता कापता बोटांची चाळण झाली. लाँड्रीतल्या बाया विचारतात की मांजर पाळलंस का. चारी बाजूंनी बारीक जाळी मारली, बाहेर पसरून वर दगड मांडले, दाराला स्प्रिंगचा आकडा लावला. बसायला दांडी केली, खाली भुसा पसरला. फक्त वरच्या खिडकीशी जाळी संपली. तिथे जुनी मोठ्या भोकांचीच आहे. दुकानात परत जायचं, परत ती अवजड गुंडाळी आणायची, परत शिडी लावायची, हे सगळं मनात आणलं आणि मी खालीच बसले. इतक्या वर कोण चढतंय? वायनो उन्हाळ्यात बोटीवरून रजेवर येईल तेव्हा लावेल.

कंदिलाचं तुमचं अगदी खरं निघालं. आधीच्या संध्याकाळी मी एकेकीला उचलून आत टाकत होते आणि आठवी आत जाईपर्यंत पहिली बाहेर. कंदील टांगला आणि उलट्या बादलीवर बसून राहिले. एक आत डोकावली, मग दुसरी. पार्टीला आलेल्या बाया जशा दारात एकमेकींकडे बघतात आणि मग घुसतात, तशा सगळ्या गेल्या. या उन्हाळ्यात मला हसू आलं असेल तर ते त्या दिवशीच.

वायनोचं कार्ड आलं. बोटीवर जेवण छान आहे म्हणतो.

तुमच्या काठीला माझा नमस्कार सांगा. तुमचा लोभ पत्राआडून येतो आहे, तो तसाच येऊ द्या.

तुमची
लोर्ना


टॉइव्होला,
४ ऑगस्ट १९७४

ती. आईंना,
लोर्नाचा सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, ती आधी सांगून टाकते. वीझल आला. खिडकीच्या जुन्या जाळीतून. सकाळी दार उघडलं तर तीन तलंगा भुशात मरून पडलेल्या, मानेवर बारीकशी जखम. खाल्ल्यासुद्धा नाहीत, नुसत्या मारून ठेवल्या. बाकीच्या पाच दांडीच्या टोकाला एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि मला बघूनही हलेनात. वायनोची रजा रद्द झाली, नाहीतर जाळी लागली असती. पण हे मी कोणाला सांगते आहे? तुम्ही लिहिलं होतं, मी केलं नाही.

तिघींना सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं आणि कामावर गेले.

उरलेल्यांना तुमच्या सौनात ठेवलं आहे. दुसरं काही सुचलं नाही. ओंडक्यांच्या भिंती, मधे सुई जाईल एवढी फट नाही, जाड दार. तिथे वीझल काय, वाराही शिरत नाही. तसाही तो रिकामाच पडला होता. जमिनीवर भुसा टाकला, चुलीच्या दगडांवर फळी ठेवली. दोघी खालच्या बाकावर बसतात, तिघींनी वरचा पटकावला आहे. आता मला निदान झोप तरी लागते.

तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण पत्र पाठवा. लोभाची गरज मला आत्ताच जास्त आहे.

तुमची
लोर्ना


इश्पेमिंग,
९ ऑगस्ट १९७४

चि. लोर्ना हिस,
आ.

तुझं पत्र पोचलं. तलंगा गेल्या ते वाईट झालं.

सौना रिकामा नव्हता. वायनोचा जन्म तिथे झाला, खालच्या बाकावर. ऑस्कर गेले तेव्हा मी आणि एल्सीच्या आईने त्यांना शेवटची आंघोळ तिथेच घातली. आम्ही फिनलंडची माणसं तिथे मोठ्याने बोलतसुद्धा नाही. इथल्या नर्सबाई म्हणतात की सुनेला हे कोणी सांगितलंच नव्हतं, तर तिचा काय दोष. मला ते समजतं. समजूनही घास उतरत नाही.

सप्टेंबरात मला न्यायला येऊ नकोस. इथे खोली आहे, खुर्ची आहे, नळी आहे. तुझ्यामागचं एक काम कमी होईल.

सायमा


टॉइव्होला,
१ सप्टेंबर १९७४

ती. आईंना,
लोर्नाचा सा. न. वि. वि.

दर वेळी अनेक आणि उत्तम येणारे आशीर्वाद या वेळी एकावरच आले. तो एकही मी ठेवून घेतला आहे.

तुमचं पत्र वाचून आधी मी रडले, मग मला राग आला, आणि राग अजून पुरता गेलेला नाही. तो लिहूनच टाकते. मला दोनच हात आहेत, आई. तुमचा मुलगा पाण्यावर आहे. या घरात लग्न होऊन आले त्याला इतकी वर्षं झाली, पण दर शनिवारी तुम्ही मायलेक सौनात जायचात आणि मी घरात बसून मांस-बटाट्याची पेस्टी भाजायची. खाणवाल्यांच्या पोरीला वाफ सोसायची नाही असं वायनो म्हणायचा आणि तुम्ही हसायचात. तिथे कोण जन्मलं, कोणाला निरोप दिला, हे मला कोणी कधी सांगितलं? मी न्हाणीघर समजत होते. तुम्ही म्हणता काम कमी होईल. मी तुम्हाला काम म्हणून घरी आणत नव्हते. संध्याकाळी या घरात शिरताना मला नको वाटतं, आत कोणी नसतं म्हणून. तलंगांशी किती बोलायचं?

राग संपला. आता बातमी.

एल्सीला घेऊन जाळी आणली. ती शिडी धरून उभी राहिली, मी खिडकीला जाळी लावली आणि मग सगळं खुराडं हाताने चाचपलं. जिथे करंगळी शिरली तिथे पत्रा ठोकला. पाचही जणी आत गेल्या, पण एवढ्यात विसरल्या होत्या, म्हणून पुन्हा कंदील टांगावा लागला. तेव्हापासून रोज सकाळी पाचच्या पाच हजर आहेत.

मग सौना. भुसा काढला, बाक खरवडले, गरम पाणी आणि साबण घेऊन गुडघ्यांवर बसून घासत राहिले. खालच्या बाकाखाली कोपऱ्यात एक अंडं सापडलं. तुमच्या कोंबड्यांचं पहिलं अंडं. म्हणजे त्या बाकाशी पुन्हा काहीतरी जन्मलंच म्हणायचं, रागावू नका.

एल्सीने चूल पेटवून दिली आणि ती गेली. मी एकटी आत बसले. दगडांवर पाणी टाकलं. मला वाफ सोसते, आई. लाँड्रीत जन्म गेला माझा, मला वाफेचं काय. मी एक शब्द बोलले नाही. पाठीतलं सगळं दुखणं जागं झालं आणि मग हळूहळू उतरलं. तुम्ही कशावर दिवस काढत होतात ते मला त्या वेळी कळलं, आणि मी ते तुमच्याकडून हिरावून घेतलं होतं याचं फार वाईट वाटलं.

अंगावर मारून घ्यायची बर्चच्या फांद्यांची जुडी मी स्वतः बांधली आहे. पार्सलने पाठवते. तुम्ही या किंवा येऊ नका, सौना स्वच्छ आहे. मला मात्र तुम्ही यायला हव्या आहात.

लोभ मागत नाही या वेळी. उत्तर मागते.

तुमची
लोर्ना


इश्पेमिंग,
६ सप्टेंबर १९७४

चि. लोर्ना हिस,
सायमाचे अ. उ. आ. मागच्या खेपेचे राहिलेलेही याच्यात धर.

पार्सल उघडलं तर अर्धी पानं कागदात आणि अर्धी फांद्यांना. बर्चची जुडी जूनमध्ये बांधतात गं! ऑगस्ट सरताना बांधली की एका फटक्यात झाडू होतो. आणि ती सुतळीने? सुतळीने केकचं खोकं बांधतात. जुडीला बर्चचीच ओली काडी पिळून बांधायची असते. इतकी वाईट जुडी मी जन्मात पाहिली नाही.

नर्सबाईंनी ती गरम पाण्यात घातली. वास थेट व्हरांड्यात गेला. पलीकडच्या खोलीतली म्हातारी, जी कोणाशी बोलत नाही, ती दाराशी येऊन उभी राहिली. मी जुडी मांडीवर घेऊन बसले आणि रडले. तूही रडली होतीस, तेव्हा तुझं माझं फिटलं.

तुला सौनात कधी बोलावलं नाही, हे खरं आहे. ती चूक माझी.

एक आठवलं ते सांगते. वायनो लहान असताना एका हिवाळ्यात ऑस्करने गारठलेलं वासरू उचलून सौनात आणलं होतं. मी खूप ओरडले. त्यांनी नुसती चूल पेटवली. वासरू जगलं. तुझ्या पाच जगल्या.

शनिवारी, १४ तारखेला, एल्सीला गाडी काढायला सांग आणि तूही बरोबर ये. मी सामान बांधायला सांगितलं आहे. जेवायला तुझी ती पेस्टी कर, इथल्या सूपला मी विटले. आणि वरच्या बाकावर दोघींना जागा आहे, वायनो काहीही म्हणो. त्याच्यासाठी आपण फळी ठेवू, तिच्याकडे बघत बसेल.

आपण पोचेपर्यंत सांज होईल. निघण्याआधी सौनात कंदील टांगून ये. इतक्या दिवसांनी परत येते आहे, अंधारात माझंही पाऊल आत पडायचं नाही.

बाकी सगळं भेटीत. लोभ आहे, तो मी बरोबर घेऊन येते.

तुझी
सायमा