नाईकसाहेबांच्या बंगल्याची बोलणी

८ नोव्हें., शनि. माहीम (मुंबईचं नव्हे, बोईसरकडचं)

नाईकसाहेब मुंबईहून आले. त्यांचा इथला बंगला (किल्ली आईकडेच असते) आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचा म्हणतात. बुकिंग, साफसफाई, चादरी सगळं आई आणि मी सांभाळायचं. भाड्याचे दहा टक्के देतो म्हणाले. मला वीस हवेत, आणि पावसाळ्यात पाहुणे नसताना ठरलेला पगार. जमलं तर बोईसरच्या कंपनीत नोकरीला जायचं नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे तिकडे ढकलतात. मला गावातच काही उभं करायचंय.

बोलणी आमच्या घरी होती. साहेब ओटीवर टेकले नाहीत तोच आईने पापलेट तळायला घेतलं. जेवणानंतर मी विषय काढला, तर तिने डोळे वटारले. आत नेऊन म्हणाली, ‘आपल्याकडं जेवलेल्या माणसाशी भाव करतात का गो? उद्या बगू.’

आजचा दिवस वाया. चिडलेय.

९, रवि.

बंगल्यावर गेलो. साहेबांनी चहा पुढे केला. आईने कपाला हातसुद्धा लावला नाही. ‘आदी बोलणं, मग चा. तुमचा चा प्याले तर तोंड उगडणार नाय माजं.’

साहेब हसले, ‘मग काल मला जेवायला घालून तुमचंच नुकसान!’

‘काल तुमी पाव्हणे होतात. आज मालक.’

काय बाई आहे!

मी वीस म्हटलं. साहेब पंधरावर आले. पावसाळ्याचा पगार? ‘पाहुणे नाहीत, तेव्हा कशाला?’ मी बुरशी, गंज, खारा वारा सगळं सांगितलं. आई शेजारी ताठ बसून राहिली. त्या बसण्याच्या जोरावरच मी बोलत होते.

‘घरी विचारून कळवतो,’ साहेब म्हणाले. चहा तसाच राहिला.

११, मंगळ.

फोन नाही. बोईसरहून मात्र आला. सोमवारपासून या, शुक्रवारी नक्की सांगा.

१३, गुरु.

साहेबांचा फोन नाहीच. दुपारी आई घरात दिसेना. बंगल्यावर गेले, तर सगळ्या खिडक्या उघड्या, आणि ही एकटी गाद्या उन्हात ओढतेय.

‘अजून काही ठरलं नाही आई! फुकट कशाला?’

‘भांडण साहेबाशी. घरानं काय केलंय?’

बोईसरला उद्या काय सांगू, विचारलं.

‘तुजं तू ठरव. आदी दुसरं टोक धर.’

धरलं. गादी चांगलीच जड होती.